गोळी देता, मग रक्ततपासणी कोण देणार?



रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून वर्षानुवर्षे गोळी घ्यावी लागणारे कामगार आपल्यात थोडे नाहीत. कुणाची हृदयाची झडप बदललेली आहे, कुणाच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले आहेत, कुणाच्या पायाच्या शिरेतली गुठळी फुप्फुसापर्यंत पोहोचलेली आहे. ट्रॅकवर, वर्कशॉपमध्ये, सॉर्टिंगच्या टेबलापाशी आणि टपालाच्या बीटवर ही माणसे आपल्या खांद्याला खांदा लावून काम करतात. त्यांच्या खिशात वॉरफरिनची, नाहीतर बाजारात ॲसिट्रॉम या नावाने मिळणाऱ्या ॲसिनोकुमॅरॉलची गोळी असते. त्यांच्यापैकी कुणी तक्रार केली की ठरलेले उत्तर मिळते : "औषध मिळते ना? मग आणखी काय पाहिजे?"

आणखी काय पाहिजे, ते स्पष्टपणे सांगण्याची वेळ आली आहे. रक्ताच्या नियमित तपासणीशिवाय हे औषध देणे म्हणजे अर्धा उपचार देणे आणि उरलेल्या अर्ध्याचा धोका कामगाराच्या माथी मारणे होय. ही तपासणी कामगाराच्या कामाच्या गावी, पगारी वेळेत आणि विनामूल्य झाली पाहिजे. ही मेहेरबानीची मागणी नाही. औषधाच्या गुणधर्मातूनच ती निघते.

उदाहरणासाठी आम्ही तंजावर घेत आहोत. मराठी वाचकाला हे गाव परके नाही. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांचे राज्य होते, बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर त्यांच्या घराण्याचा मराठी शिलालेख आहे आणि मराठी बोलणारी घरे आजही तेथे आहेत. पण आम्ही तंजावर निवडले ते इतिहासाच्या अभिमानापायी नव्हे. हे स्टेशन दक्षिण रेल्वेच्या तिरुचिरापल्ली विभागात येते. विभागाचे मोठे रेल्वे रुग्णालय पोनमलैला, म्हणजे गोल्डन रॉकला, सुमारे ५० किलोमीटरवर आहे. मोठे रुग्णालय एका गावी आणि कामगार दुसऱ्या गावी ही भुसावळ विभागातल्या चाळीसगावच्या ट्रॅकमनचीही स्थिती आहे आणि नागपूर विभागातल्या बल्लारशाहच्या पॉइंट्समनचीही. तंजावरच्या कामगाराचा प्रश्न सुटला तर या सर्वांचा सुटेल.

आधी औषध समजून घेऊ. लोक त्याला "रक्त पातळ करणारी गोळी" म्हणतात. शब्द सोपा असला तरी त्याने गैरसमज होतो. या गोळीने रक्तात पाणी वाढत नाही, ते गोठायला वेळ लागतो. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गोळ्याही "रक्त पातळ करणाऱ्या" म्हणवल्या जातात, पण त्यांचे काम निराळे आहे. रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या कणांना एकमेकांना चिकटू न देणे हे त्यांचे काम, आणि त्यासाठी आयएनआर तपासणी लागत नाही. वॉरफरिन आणि ॲसिनोकुमॅरॉल यांचा कारखाना वेगळा आहे. तो यकृतात चालतो.

रक्त गोठवणारे अनेक घटक यकृतात तयार होतात. त्यांतले दुसरा, सातवा, नववा आणि दहावा या क्रमांकांचे घटक पुरे व्हायला 'के' जीवनसत्त्व लागते. हे जीवनसत्त्व एकदा वापरले की निकामी होते आणि शरीर त्याला पुन्हा वापरण्याजोगे करून घेते. रेल्वे कामगाराला हे चटकन समजेल. वाफेचे इंजिन गाडी पोहोचवून आले की टर्नटेबलवर फिरवून पुन्हा गाडीला लावत असत. यकृतात 'के' जीवनसत्त्वाचे इंजिन असेच फिरवून घेतले जाते. वॉरफरिन हे टर्नटेबल जाम करते. इंजिने अडकून पडतात आणि नव्या गाड्या सुटत नाहीत.

पण आधीच सुटलेल्या गाड्या धावतच राहतात. सातवा घटक काही तासांत संपतो, दुसरा मात्र दोन-तीन दिवस टिकतो. म्हणून आज घेतलेल्या गोळीचा पुरता परिणाम आज दिसत नाही, त्याला पाच-सहा दिवस लागतात. तोवर गुठळीपासून बचाव व्हावा म्हणून पुष्कळदा सुरुवातीला हेपॅरिनची इंजेक्शने जोडीला देतात. डोस बदलल्यावर काही दिवसांनी रक्त पुन्हा का तपासायचे, त्याचे कारणही हेच. महिन्याभराच्या गोळ्या हातात देऊन "पुढच्या महिन्यात या" म्हणण्यात औषधाचा हा स्वभावच विसरला जातो.

या औषधाचा जन्मही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १९२० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडाच्या गोठ्यांत गुरे रक्तस्रावाने मरू लागली. शिंगे कापली किंवा खच्ची केले की रक्त थांबेना. बुरशी आलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा त्यांच्या पोटात गेला होता. १९३३ मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठणारे रक्त भरलेला डबा घेऊन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. लिंक यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये त्या चाऱ्यातले डायकुमॅरॉल वेगळे काढले. त्याच कुळातले वॉरफरिन १९४८ मध्ये आधी उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झाले. १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही ते देण्यात आले.

"हे तर उंदराचे विष" म्हणून गोळी फेकून देणाऱ्या साथींना आमचे सांगणे आहे की उंदराला मारणारे आणि अध्यक्षाला तारणारे द्रव्य एकच होते. उंदराचे रक्त कोणी तपासत नव्हते. वॉरफरिनचे विष होते की औषध, हे डोस आणि तपासणी यांवर ठरते. राष्ट्राध्यक्षाच्या उशाशी डॉक्टर होते. तंजावरच्या ट्रॅकमनच्या उशाशी कोण आहे?

तपासणी म्हणजे काय? तिचे नाव आयएनआर. निरोगी माणसाचा हा आकडा एकच्या आसपास असतो. गोळी घेणाऱ्या बहुतेकांचा तो दोन ते तीनच्या दरम्यान ठेवायचा असतो, आणि हृदयाच्या डाव्या कप्प्यांमधली, म्हणजे मायट्रल, झडप धातूची असेल तर थोडा वर. आकडा खाली गेला तर झडपेवर गुठळी बसू शकते, ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू होतो. आकडा फार वर गेला तर हिरड्यांतून, लघवीतून, आतड्यातून आणि सर्वांत वाईट म्हणजे मेंदूत रक्तस्राव होतो. दोन्ही बाजूंना खड्डा आहे आणि मधली वाट अरुंद आहे.

ही वाट प्रत्येकाची वेगळी. एका कामगाराला रोज एक मिलिग्रॅम पुरते, त्याच्याच वयाच्या आणि वजनाच्या दुसऱ्याला सहा मिलिग्रॅमही कमी पडते. औषध पचवणारी आणि 'के' जीवनसत्त्व फिरवणारी यंत्रणा जन्मतःच प्रत्येकात निराळी असते. डॉक्टर कितीही हुशार असला तरी चेहरा पाहून त्याला डोस ठरवता येत नाही. रक्तच सांगते. म्हणून सुरुवातीला दर काही दिवसांनी, मग आठवड्याने आणि आकडा स्थिरावल्यावर साधारण महिन्याने रक्त तपासावे लागते.

पूर्वी एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीशी जुळत नसे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये आयएनआरची एकच मोजपट्टी ठरवून दिली, ती याचसाठी. पोनमलैचा अडीच आणि परळचा अडीच एकच झाला. मोजपट्टी एक होऊन चाळीस वर्षे उलटली. बदली झालेल्या कामगाराची आकड्यांची नोंद मात्र त्याच्या मागोमाग नव्या गावी आपोआप पोहोचते का? हा सवाल आम्ही जाहीरपणे विचारत आहोत.

आता दोष कुणाच्या माथी जातो ते पाहा. आकडा बिघडला की पहिला प्रश्न येतो : "पालेभाजी खाल्ली ना?" कावेरीच्या खोऱ्यात कीरै, म्हणजे पालेभाजी, हे गरिबाचे रोजचे कालवण. शेवग्याचा पाला अंगणात फुकट मिळतो. आपल्याकडे मेथी, पालक, चाकवत आणि अळूची तीच गोष्ट. पालेभाजीत 'के' जीवनसत्त्व भरपूर असते, ते बाहेरून आणलेल्या नव्या इंजिनांसारखे गाड्या सोडू लागते आणि गोळीचा जोर कमी होतो, हे खरे. पण "पालेभाजी बंद" हा सल्ला चुकीचा आहे. भाजी खावी, दर आठवड्याला साधारण सारखी खावी, आणि तिच्या हिशेबाने गोळी बसवावी. गोळी कामगाराच्या ताटाप्रमाणे ठरवायची असते. ज्याच्या जेवणात मटण-अंडी क्वचित, त्याच्या ताटातली भाजीही काढून घेणारा सल्ला आम्हाला मान्य नाही.

खरा धोका पुष्कळदा दवाखान्यातूनच येतो. जुलाब लागले की सर्रास मिळणारी मेट्रोनिडाझोल, संसर्गासाठी दिलेली को-ट्रायमोक्साझोल, बुरशीवरची फ्लुकोनाझोल आणि ठोक्यांसाठीची अमिओडॅरॉन या गोळ्यांनी आयएनआर वर चढतो. अंगदुखीवरची डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन पोटातल्या रक्तस्रावाचा धोका वाढवते, आणि कंबर मोडेपर्यंत काम करणाऱ्या ट्रॅकमनच्या डब्यात ती गोळी असतेच. उलट क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन वॉरफरिनचा जोर इतका कमी करते की डोस कित्येक पटींनी वाढवावा लागतो, आणि रिफाम्पिसिन थांबवल्यावर तो वेळेवर उतरवला नाही तर रक्तस्राव ठरलेला. ही औषधे कामगार स्वतःच्या मर्जीने शोधून आणत नाही, कुणीतरी त्याला ती देतो. देणाऱ्याने आधी विचारावे आणि नंतर काही दिवसांतच रक्त तपासावे. महिला साथींसाठी आणखी एक गोष्ट : गर्भारपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत वॉरफरिनमुळे बाळात व्यंग येऊ शकते. म्हणून मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलले पाहिजे, आणि हे सांगण्याची जबाबदारी औषध देणाऱ्याची आहे.

आमच्या मागणीला दुसरे उत्तर मोठे आधुनिक वाटते : "आता डाबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, एपिक्साबान या नव्या गोळ्या आल्या आहेत. तपासणीचा प्रश्नच संपला." नव्या गोळ्यांना आमचा विरोध नाही. पायातल्या गुठळीसाठी आणि झडप ठीक असताना अनियमित झालेल्या ठोक्यांसाठी त्या चांगल्या आहेत, मेंदूतला रक्तस्रावही त्यांनी कमी होतो आणि नियमित आयएनआर लागत नाही. डॉक्टर सांगतील तेथे त्या कामगाराला मिळाल्याच पाहिजेत. पण प्रश्न संपला म्हणणाऱ्यांनी पुढचे दोन निष्कर्ष वाचावेत. धातूची झडप बसवलेल्या रुग्णांवर डाबिगाट्रानची चाचणी झाली. गुठळ्याही जास्त आणि रक्तस्रावही जास्त, म्हणून ती अर्ध्यावर थांबवावी लागली. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. संधिज्वराने हृदय बिघडून ठोके अनियमित झालेल्या सुमारे साडेचार हजार रुग्णांवर, आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या २४ देशांत, रिव्हारोक्साबानची तुलना वॉरफरिनच्या कुळातल्या जुन्या औषधांशी करण्यात आली. २०२२ मध्ये निष्कर्ष आला : जुने औषध घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले.

आणि संधिज्वराचा हृदयविकार कुणाला होतो? लहानपणी स्ट्रेप्टोकोकस जंतूंनी घसा धरला, वेळेवर पेनिसिलिन मिळाले नाही, दाटीवाटीच्या एका खोलीत भावंडे एकमेकांच्या श्वासात झोपली, त्यांना होतो. हा चाळींचा, झोपड्यांचा आणि गळक्या क्वार्टर्सचा रोग आहे. श्रीमंत देशांतून तो जवळपास गेला, आपल्याकडे आहे. याच रोगाने खराब झालेल्या झडपांसाठी तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा तिरुनाळ संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली देशी झडप तयार झाली, आणि ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. परदेशी झडप न परवडणाऱ्या देशाने स्वतःची झडप घडवली, हा सार्वजनिक संस्थेचा पराक्रम आहे. पण ती झडप बसल्यावर जन्मभर जुनीच गोळी आणि जन्मभर आयएनआर! झडप देशाने दिली, तपासणी कामगाराने पदरमोड करून आणावी, हा कुठला न्याय?

तंजावरच्या कामगाराला तपासणी म्हणजे काय, याचा हिशेब करू. रक्त देण्यासाठी पोनमलैला जायचे तर गाडीची वेळ, रुग्णालयाची रांग आणि परतीची गाडी यांत दिवस जातो. सिक मेमो घ्यावा तर सुपरवायझरच्या कपाळाला आठ्या. गोळी चालू असल्याचे उघड झाले तर वैद्यकीय वर्ग उतरेल ही भीती, म्हणून कित्येक जण सांगतच नाहीत, आणि डोक्याला मार लागला की कुणाला काही ठाऊक नसते. पोस्टमन साथींचे आणखी निराळे. सीजीएचएस जेथे नाही तेथे त्यांना १९४४ च्या वैद्यकीय परिचर्या नियमांखाली आधी खिशातून खर्च करून मग बिल मागावे लागते. तेथल्या पेन्शनराला ठराविक वैद्यकीय भत्ता. २०१७ मध्ये तो महिना १००० रुपये करण्यात आला. त्यात दोघा म्हाताऱ्यांची औषधे, डॉक्टरांची फी आणि तपासण्या बसवून दाखवा! ग्रामीण डाक सेवकाला तर नियमित कर्मचारीच मानत नाहीत. सायकलवरून तोही पडतो, रक्त त्याचेही वाहते.

प्रशासन म्हणेल, एवढ्या तपासण्यांची आणि नोंदींची व्यवस्था कशी ठेवायची? त्यांनी तंजावरलाच जावे. १७९८ ते १८३२ या काळात राज्य केलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी तेथे धन्वंतरी महाल चालवला. निरनिराळ्या पद्धतींचे वैद्य तेथे औषधे तयार करीत आणि रोग्यांवर उपचार करीत. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी, काहींच्या डोळ्यांच्या चित्रांसकट, सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत. राजेशाहीची आरती ओवाळण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. राज्याची खरी सत्ता तेव्हा कंपनीने काढून घेतली होती आणि रयतेचे हाल काही संपले नव्हते. पण दोनशे वर्षांपूर्वी बोरूने लिहून रोग्याची नोंद ठेवता येत होती. आज उमीद कार्ड आहे, रेल्वे रुग्णालयांत संगणक आहेत, आणि बोटाच्या टोकावरच्या रक्ताच्या एका थेंबातून काही मिनिटांत आयएनआर सांगणारे हातात मावणारे यंत्र मिळते. अडचण यंत्राची नाही, इच्छेची आहे.

खर्चाचे रडगाणेही आम्हाला ऐकवू नका. अर्धांगवायू झालेल्या एका कामगाराचा रुग्णालयाचा खर्च, त्याची गेलेली नोकरी, त्याच्या जागी द्यावा लागणारा माणूस आणि त्याच्या घरच्यांची परवड मांडा, आणि दुसऱ्या पारड्यात महिन्याची एक तपासणी ठेवा.

म्हणून आमच्या मागण्या :

१. प्रत्येक रेल्वे आरोग्य केंद्रात आणि सीजीएचएस केंद्रात आयएनआर तपासणीची सोय करावी. यंत्राचा आकडा ठराविक काळाने प्रयोगशाळेशी पडताळावा.

२. जेथे केंद्र नाही तेथे जवळच्या सरकारी रुग्णालयात विनामूल्य तपासणीचा करार करावा. कामगाराने आधी पैसे भरण्याची अट काढावी.

३. तपासणीची वेळ कामाची वेळ धरावी. रजा कापू नये.

४. प्रत्येक रुग्णाला तारीख, आयएनआर, डोस आणि इतर औषधे लिहिलेली वही द्यावी, आणि तीच नोंद बदलीबरोबर संगणकावरही पुढे जावी.

५. सूचना कामगाराच्या भाषेत द्याव्यात. पोनमलैच्या मराठी कामगाराला मराठीत, भुसावळच्या तमिळ कामगाराला तमिळमध्ये.

६. गोळी घेतो म्हणून कुणालाही शिक्षा होऊ नये. काम बदलावे लागले तर पगार आणि दर्जा राखून पर्यायी काम द्यावे.

७. पेन्शनर, ग्रामीण डाक सेवक आणि कंत्राटी कामगार यांना यातून वगळू नये.

हे मिळेपर्यंत आपणही स्वस्थ बसायचे नाही. शाखेच्या पुढच्या सभेत विचारा : आपल्यात कोण कोण ही गोळी घेतो आणि शेवटचा आयएनआर कधी झाला? ज्याचा महिना उलटून गेला असेल त्याच्याबरोबर एक साथी जाऊ द्या. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डोस आपल्या मनाने बदलू नका, आणि दात काढायचा असला तरी डॉक्टरांना गोळीचे नाव आधी सांगा. शौचाला काळे झाले, लघवी लाल झाली किंवा डोक्याला मार लागला तर ड्यूटी संपण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

पोनमलैच्या वर्कशॉपने ५ सप्टेंबर १९४६ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच कामगार गमावले. कामगाराच्या जिवाची किंमत मागण्याची परंपरा त्या लाईनवर जुनी आहे. त्याच लाईनवरच्या कामगाराचा जीव आज महिन्याकाठी होणाऱ्या एका तपासणीवाचून टांगणीला लागावा, हे आम्ही खपवून घेणार नाही.

गोळीबरोबर तपासणी, हा आमचा हक्क आहे!
कामगार एकजुटीचा विजय असो!